रोजनिशी कोणाची?

मुलांच्या मनांत काय चाललें आहे हें मोठ्यांनीं सांगावें आणि मुलांनीं तें मुकाट्यानें ऐकून घ्यावें, ही जगाची जुनी रीत आहे. मानसशास्त्र हें स्वतंत्र शास्त्र म्हणून नांवारूपास आलें, तेव्हांहि ती फारशी पालटली नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन भाषेच्या प्रदेशांत एक विलक्षण प्रकार घडला. तेथें शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं आपल्या अंतरंगाविषयीं स्वतः लिहून तें छापण्याचा उद्योग आरंभिला. आणि पुढें थोड्याच वर्षांत एका शाळकरी मुलीच्या नांवावर तसेंच एक पुस्तक बाहेर आलें. पहिल्या लेखनावर सरकारची वक्रदृष्टि वळली. दुसऱ्यास थोर पंडितांचा आशीर्वाद लाभला. या दोहोंची हकीकत एकत्र सांगण्याजोगी आहे.

त्या काळच्या जर्मन व ऑस्ट्रियन विद्यालयांची शिस्त मोठी कडक होती. परीक्षेच्या धास्तीनें विद्यार्थी आत्महत्या करतात, अशी ओरड वृत्तपत्रांतून सतत चालू असे. १९१० सालीं व्हिएन्ना येथील मनोविश्लेषण मंडळानें या विषयावर खास चर्चा घडवून आणली. मुलांना आत्महत्येकडे न लोटणें एवढ्यानें शाळेचें कर्तव्य संपत नाहीं, त्यांच्या ठायीं जगण्याची इच्छा तिनें उत्पन्न केली पाहिजे, असा फ्रॉइड यांचा अभिप्राय तींत पडला. चर्चा उत्तम झाली, तिचें पुस्तकहि निघालें. मात्र बोलणारे सारे वयस्क होते. ज्यांच्याविषयीं बोलणें चाललें होतें ते वर्गांत बसून लॅटिन धातूंचीं रूपें घोकीत होते.

त्यांच्यापैकीं कांहींनीं बोलायचें ठरविलें. बर्लिनमध्यें ‘डेर आन्फांग’, म्हणजे ‘आरंभ’, या नांवाचें एक विद्यार्थ्यांचें नियतकालिक प्रथम हेक्टोग्राफवर काढलेल्या मोजक्या प्रतींच्या रूपानें फिरूं लागलें. १९१० सालीं त्यांत ‘आर्डोर’ या टोपणनांवानें लिहिणारा सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी म्हणजे पुढें टीकाकार म्हणून जगविख्यात झालेला वॉल्टर बेन्यामिन. मे १९१३ पासून तेंच मासिक रीतसर छापून निघूं लागलें. संपादक दोघे : बर्लिनचा जॉर्ज बार्बिझों आणि व्हिएन्नाचा सिगफ्रीड बर्नफेल्ड. बर्नफेल्ड त्या वेळीं अवघा एकवीस वर्षांचा होता. कायद्याच्या दृष्टीनें जबाबदार संपादक म्हणून एका प्रौढाचें नांव असणें जरूर होतें, तें सुप्रसिद्ध शिक्षणसुधारक गुस्टाव्ह व्हिनेकेन यांनीं दिलें. मुलांच्या बंडाला मोठ्यांची सही लागली, यांतला विनोद त्या मुलांच्याहि लक्षांत आल्यावांचून राहिला नसेल.

मासिकांत काय असे? शाळा, घर, धर्म, मुलामुलींची मैत्री, आणि ज्या वासनेचें नांव घरांत कोणी काढीत नसे तिची उघड चर्चा. बापाला आपण भितों कां, गुरुजींपुढें खोटें कां बोलतों, असले प्रश्न मुलें स्वतःलाच विचारीत. लेखक बहुधा टोपणनांवाआड असत. शाळेला पत्ता लागता तर धडगत नव्हती. लेखन पुष्कळदां कच्चें, आवेशाचें, थोडेंसें पोरकट होतें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु तें त्यांचें होतें. १९१४ च्या जानेवारींत बव्हेरियाच्या विधिमंडळांत त्यावर टीकेची झोड उठली आणि तेथील विद्यार्थ्यांस हें मासिक वर्ज्य ठरलें. व्हिनेकेन यांनीं आपलें नांव काढून घेतलें. जुलै १९१४ मध्यें मासिक बंद पडलें. पुढल्याच महिन्यांत महायुद्ध पेटलें, आणि ८ ऑगस्ट रोजीं या वर्तुळांतील तरुण कवि फ्रिट्झ हाइन्ले यानें आपल्या मैत्रिणीसह आत्महत्या केली. ज्या सदनांत हीं मुलें चर्चेसाठीं जमत असत तेथेंच त्यांचीं प्रेतें सांपडलीं.

बर्नफेल्डनें याच सुमारास आणखी एक काम हातीं घेतलें होतें. तरुणांच्या रोजनिशा, पत्रें, कविता जमवून त्यांचें एक दप्तर उभारावें, म्हणजे मोठ्यांच्या आठवणींवर विसंबण्याची गरज उरणार नाहीं, अशी त्याची कल्पना होती. ती किती दूरदर्शी होती याचा प्रत्यय लवकरच आला.

१९१९ सालीं व्हिएन्नाच्या मनोविश्लेषणविषयक प्रकाशन-संस्थेनें ‘एका अर्धवयस्क मुलीची रोजनिशी’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. अकराव्या वर्षापासून साडेचवदाव्या वर्षापर्यंतच्या या नोंदी. मुलगी सुखवस्तु घराण्यांतली, विद्यालयांत शिकणारी. थोरली बहीण, जिवलग मैत्रीण, घरांतले रुसवे-फुगवे, आणि मोठीं माणसें जें लपवितात तें जाणून घेण्याची धडपड. संपादकाचें नांव छापलें नव्हतें, पण प्रस्तावनेच्या जागीं फ्रॉइड यांचें १९१५ चें एक पत्र होतें आणि त्यांत या रोजनिशीला त्यांनीं ‘रत्न’ म्हटलें होतें. श्टेफान त्स्वाइग यांच्यासारख्या साहित्यिकांनींहि तिचा गौरव केला. १९२१ मध्यें इंग्रजी भाषांतर निघालें. १९२२ सालीं न्यूयॉर्कमध्यें प्रकाशकावर अश्लीलतेचा खटला झाला आणि न्यायाधीशानें तो काढून टाकला. त्याच वर्षीं तिसऱ्या आवृत्तींत संपादकाचें नांव जाहीर झालें : डॉ. हर्मिने हुग-हेल्मुट. या बाई व्हिएन्नाच्याच, पेशानें शिक्षिका, पदार्थविज्ञानांत डॉक्टरेट मिळविलेल्या, आणि मुलांचें मनोविश्लेषण करणाऱ्यांत अग्रगण्य.

शंका मात्र आधींच निघूं लागल्या होत्या. लंडनचे मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनीं पुस्तकाच्या अस्सलपणाबद्दल संशय प्रगट केला. शार्लोटे ब्यूलर या विदुषीनें मुलींच्या खऱ्या रोजनिशा मिळवून १९२२ सालीं छापल्या, आणि त्यांच्या शेजारीं हें ‘रत्न’ ठेवतांच त्याचा रंग फिका दिसूं लागला. खरी रोजनिशी वाचतांना परक्याची त्रेधा उडते. लिहिणारी स्वतःसाठींच लिहिते. कोण कोणाची कोण, हें ती कशाला सांगेल? तिच्या नोंदी मध्येंच तुटतात, महिनेच्या महिने कोरे जातात, आणि जें आम्हांस महत्त्वाचें वाटावें त्यावर तिची एक ओळहि नसते. याच्या उलट, मानसशास्त्राच्या सिद्धांतास जें जें हवें तें तें क्रमानें पुरविणारी मुलगी कोठें असेल तर ती शास्त्रज्ञाच्या मेजावरच. १९२७ मध्यें प्रकाशकांनीं पुस्तक मागें घेतलें. हुग-हेल्मुट बाईंनीं तें स्वतःच रचलें, निदान स्वतःच्या जुन्या आठवणी त्यांत भरल्या, असेंच आज बहुतेक अभ्यासक मानतात. जातां जातां एक गोष्ट : ज्या बर्ट यांना परक्याच्या लेखनांतला खोटेपणा इतक्या चटकन् दिसला, त्यांच्याच जुळ्या मुलांवरील संशोधनांतले आंकडे बनावट असल्याचा आरोप त्यांच्या मृत्यूनंतर, १९७६ सालीं झाला आणि तो वाद पुढें कित्येक वर्षें चालला.

बनावट म्हणून हें पुस्तक सर्वस्वी टाकाऊ, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. एका प्रौढ स्त्रीस आपल्या बालपणाविषयीं जें उघडपणें लिहितां आलें नाहीं, तें तिनें मुलीच्या तोंडून वदविलें असेल. दोष कल्पनेचा नव्हे, तिच्यावर पुरावा म्हणून मारलेल्या शिक्क्याचा. १९३१ सालीं बर्नफेल्डनें तरुणांच्या रोजनिशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें प्रश्न आणखी खोल नेला. खरी रोजनिशी तरी निव्वळ मनाचा उद्गार कोठें असते? ती कशी लिहावी, कोणत्या सुरांत स्वतःशीं बोलावें, हें मूल परंपरेकडून आणि इतरांच्या लेखनावरून शिकत असतें. ‘आरंभ’चा माजी संपादकच हें बोलत होता, म्हणून त्याला वजन आहे, मुलांचा शब्द अस्सल असतो हा त्याचा तारुण्यांतला विश्वास त्यानें स्वतःच तपासून पाहिला होता.

हुग-हेल्मुट बाईंच्या लेखनांत एक खरें मूलहि होतें. तिच्या सावत्र बहिणीचा मुलगा रोल्फ याच्या बालपणाचीं निरीक्षणें तिनें वेळोवेळीं छापलीं. १९१५ सालीं त्याची आई वारली. ९ सप्टेंबर १९२४ रोजीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यानें मावशीचा खून केला. त्यास बारा वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाकडे गेला आणि, आपण मनोविश्लेषणाचा बळी आहों, असें म्हणून त्यानें पैशांची मागणी केली.

मंडळाच्या पत्रिकेंत बाईंच्या निधनाची नोंद बर्नफेल्डनेंच लिहिली. ती अगदीं त्रोटक आहे. मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं केलेल्या मृत्युपत्रांत बाईंनीं इच्छा लिहून ठेवली होती कीं, आपल्या आयुष्याविषयीं व कार्याविषयीं कोठेंहि, मनोविश्लेषणाच्या पत्रिकांतसुद्धां, कांहीं छापूं नये.