पटकीचा नकाशा आणि तुळजापूरची यात्रा

बालाघाटाच्या उतारावर वसलेल्या तुळजापूरचा रोगांच्या इतिहासाशी असलेला संबंध यात्रेचा काळ आणि राज्याची सीमा या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज कळत नाही. भवानीची मोठी यात्रा आश्विनात, शारदीय नवरात्रापासून कोजागरीपर्यंत भरते. म्हणजे पाऊस नुकताच ओसरलेला असताना आणि शिवारातली घाण वाहून ओढ्याविहिरींत उतरलेली असताना गर्दी एका ठिकाणी जमते, कल्लोळ व गोमुख तीर्थांत स्नाने होतात आणि सोलापूरचे भाविक सुमारे 45 किलोमीटरची वाट पायी तुडवत येतात. ही वाट पूर्वी मुंबई इलाख्यातून निजामाच्या राज्यात शिरत असे. 1853 च्या करारान्वये इंग्रजांकडे गेलेला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख 1860 मध्ये निजामाला परत मिळाला आणि साधारण त्याच सुमारास सोलापूरला आगगाडी पोहोचली, त्यामुळे यात्रेकरू येई एका सरकारच्या मुलखातल्या रेल्वेने आणि मुक्काम करी दुसऱ्या सरकारच्या हद्दीत.

यात्रांच्या संदर्भात सरकारांना सर्वाधिक धास्ती होती ती पटकीची. पटकी म्हणजे कॉलरा. दूषित पाण्यावाटे आतड्यात गेलेल्या जिवाणूमुळे जुलाब-वांत्या होऊन शरीरातले पाणी काही तासांत निघून जाते, ते वेळीच भरून काढले नाही तर रोगी दगावतो. 1817 मध्ये बंगालातील जेसोरकडे उसळलेली साथ त्याच वर्षी बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत पसरली आणि 1818 मध्ये, पेशवाई बुडाली त्याच साली, मुंबईपर्यंत आली. दख्खनच्या गावांनी मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडण्याच्या रिवाजाने तिला तोंड दिले. रोग शेजारच्या हद्दीत ढकलण्याचा हा प्रकार अडाणीपणाचा म्हणून हिणवला गेला, पण युरोपातील राष्ट्रे परिषदा भरवून जे ठरवत होती ते तत्त्वतः फार निराळे नव्हते.

1865 मध्ये मक्केच्या यात्रेत पटकीने थैमान घातल्यावर पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचे मूळ घर गंगेच्या मुखाकडील प्रदेशात असून यात्रा हे तिच्या प्रसाराचे सर्वांत प्रबळ साधन आहे, असा निष्कर्ष तिथे निघाला. त्यात तथ्य नव्हते असे नाही, कारण 1867 च्या हरिद्वारच्या मेळ्यानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर भारतभर गेली. मात्र या नकाशात यात्रेकरूची वाट ठळक काढलेली होती आणि तो जे पाणी पीत होता त्याची जबाबदारी कोणाची, हे कुठेच दाखवलेले नव्हते. पाण्याचे महत्त्व युरोपला ठाऊक होते. 1854 मध्ये लंडनच्या एका सार्वजनिक पंपाकडे जॉन स्नोने बोट दाखवले होते, त्यानंतर त्या शहराने अफाट पैसा ओतून भुयारी गटारे बांधली. 1892 मध्ये एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली, तर तेच पाणी वाळूतून गाळून पिणारे लगतचे आल्टोना बव्हंशी वाचले. भारतातील यात्रेकरूच्या वाट्याला मुख्यतः तपासणी, अटकाव आणि पंढरपुरासारख्या ठिकाणी यात्राकर आला. 1897 मध्ये तर प्लेगच्या भीतीने युरोपीय राष्ट्रांच्या दबावाखाली मुंबईहून हज यात्राच बंद करण्यात आली. त्याच वर्षी निजामाच्या राज्यातील सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला, तरी त्या शोधाचा लाभ त्या राज्यातल्या खेड्यांपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

पाण्याच्या याच उपेक्षेतून मराठवाड्यात नारू टिकून राहिला. पायविहिरीत, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवूनच घागर भरावी लागते अशा विहिरीत, नारूच्या रोग्याच्या जखमेतून अळ्या सुटतात, त्या सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा कृमी तयार होऊन बहुधा पायातून बाहेर पडू लागतो. ऐन पेरणी-काढणीच्या दिवसांत कर्ता माणूस त्यामुळे अंथरुणाला खिळे. यावर लस नव्हती आणि नाही. पाणी फडक्याने गाळणे, पायविहिरी बंद करणे आणि हातपंप बसवणे अशा साध्या उपायांवर भर देऊन देशातला शेवटचा रोगी 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

या हातपंपाचा इतिहास तुळजापूरच्या शेजारचाच आहे, आणि तो जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही. काळ्या पाषाणातील खोल कूपनलिकांवर बसवलेले जुने बिडाचे पंप वापराच्या ताणाने वारंवार मोडत. त्यावर एका खिळीवर फिरणारा, साखळीने दांडा उचलणारा पोलादी ‘सोलापूर पंप’ टिकाऊ ठरला. त्याच्याच आधारे युनिसेफ आणि भारत सरकारने 1970 च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडवला, जो पुढे घाना, मालीसारख्या आफ्रिकी देशांतल्या खेड्यांत पोहोचला. एकेकाळी ज्या भागातून रोग येतो म्हणून जगाने दारे लावून घेतली होती, त्याच भागातून रोग थांबवणारे यंत्र जगाकडे गेले. तरीही 2018 मध्ये निती आयोगाने आकांक्षित, म्हणजे आरोग्य, शिक्षण इत्यादी निकषांवर मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्याबरोबर उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव त्यात होते. आणि दुष्काळाच्या वर्षी भूजल खाली गेले की या जिल्ह्यातल्या गावांना आजही टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढावा लागतो.