जावयाचे घड्याळ

1961 साली आपल्या देशात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. हुंडाबंदीचा कायदा झाला आणि बंगळूरला सरकारी एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने मनगटी घड्याळे काढली. म्हणजे एकाच साली हुंडा बंद आणि घड्याळ चालू! त्या कायद्यात एक सोय होती. लग्नाची अट म्हणून न दिलेली वस्तू हुंड्यात धरत नसत. त्या फटीतून घड्याळ, सायकल, ट्रान्झिस्टर अशी वरात थेट जावयाच्या दारात आली. तिचे नाव 'हौस'. (ही फट बुजवायला सरकारला 1984 साल उजाडले.)

आमच्या घरची हौस 1974 सालची. वडील शिरूरचे, आई दौंडची. दौंड जंक्शन, तिथे गाडीच्या शिट्टीवर कुकर चढायचा. शिरूरला रेल्वे नाही. वेळ सगळी एस.टी.च्या स्वाधीन. तेव्हा घड्याळाचे अप्रूप शिरूरकरांनाच जास्त. आजोबांनी खटपट करून एच.एम.टी. 'जनता' पैदा केले. त्यांच्या वहीत नोंद आहे : 'जावईबापू, घड्याळ'. मी पडलो बी.कॉम.; पुढचे-मागचे पान उलटून पाहिले. लेकीच्या नावे घड्याळ काही सापडले नाही.

2016 साली सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचे ठरवले. आमचे 'जनता' अजून टिकटिकते आहे. वडील ते ऐटीत मनगटावर बांधतात. रोज सकाळी चहा ठेवला, की त्याला चावी मात्र आई देते.