रावपुऱ्यावरचा पिवळट थर

४. बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या चिमणाबाई टॉवरमागचे आकाश लेखकाला हिवाळ्यात पिवळट दिसते, ते हवेत तरंगणाऱ्या धूळ, धूर आणि क्षारांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. हे एरोसोल. त्यांचा सगळा थर मिळून थेट ऊन किती अडवतो, ते ‘प्रकाशीय जाडी’ या आकड्याने सांगतात : ती १ असेल, तर डोक्यावरच्या सूर्याचा जेमतेम ३७ टक्के थेट प्रकाश खाली पोचतो. पण कण कोणत्या उंचीवर आहेत ते या आकड्यातून कळत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. त्यासाठी लायडार. लेसरचा क्षणिक झोत वर सोडायचा, कणांवरून परतलेला प्रकाश दुर्बिणीने टिपायचा. एका मायक्रोसेकंदाने परतलेला प्रकाश १५० मीटरांवरून आलेला असतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत पी. सी. एस. देवरा आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात वापरलेल्या अरगॉन लेसरचा झोत मात्र सलग होता. तिथे वेळ मोजून भागणार नव्हते. झोत आणि दुर्बीण वेगळ्या जागी ठेवून, त्यांच्या रेषा जिथे छेदतात ती उंची ते भूमितीने काढत. ही युक्ती फार देखणी आहे. बडोद्याला जवळचे उदाहरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे : फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या १९९१च्या उद्रेकानंतर तिथल्या लायडारने थेट स्थितांबरातले कण मोजले. — संपादक