पाठ योजना म्हणजे काय? इंदूरच्या मराठी पालकांनी शाळेत काय विचारावं

इंदूर : जळगाव-धुळ्याकडून नोकरीधंद्यासाठी इंदूरला गेलेल्या घरातलं मूल हिंदी माध्यमात दाखल होतं, तेव्हा फी, बस, गणवेश यांची चौकशी होते. वर्षअखेर मुलाला नेमकं काय यायला हवं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरं तर ते लिहिलेलं असतं.

महाराष्ट्रातले शिक्षक ज्याला पाठाचं टाचण म्हणतात, ती मध्य प्रदेशात पाठ योजना. इकडच्या अध्ययन निष्पत्ती म्हणजे तिकडचे 'सीखने के प्रतिफल'. एनसीईआरटीनं २०१७ मध्ये पहिली ते आठवीसाठी त्या इयत्तावार प्रसिद्ध केल्या.

टाचणात उद्दिष्ट, पूर्वज्ञान, साधनं, कृती आणि मूल्यमापन असतं. यात उद्दिष्ट चुकलं की बाकी सगळं वाया. 'मुलांना अपूर्णांक समजतील' हे उद्दिष्ट नव्हे. समजलं हे ओळखायचं कसं? 'मूल एका भाकरीचे चार सारखे भाग करून पाऊण भाकरी दाखवेल' हे उद्दिष्ट. सांगेल, मोजेल, मांडेल अशी डोळ्यांना दिसणारी क्रिया त्यात हवी. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, तयारीचा वेळ त्यातच. तरीही टाचण पुष्कळदा तपासणीपुरतं, मागच्या वहीवरून उतरवलं जातं, हे शिक्षकही मान्य करतील.

लहान वर्गांसाठी ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची लक्ष्यं आहेत. पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणं आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. २०२६-२७ पर्यंत हे साधायचं आहे.

मराठी घरातल्या मुलाची अडचण इथेच सुरू होते. लिपी देवनागरीच, त्यामुळे मूल हिंदी धडा खडाखडा वाचतं आणि बाईंना वाटतं, आलं. पण घरी 'शिक्षा' म्हणजे मार किंवा दंड, पुस्तकात ते शिक्षण. 'चेष्टा' घरी थट्टा, पुस्तकात प्रयत्न. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. वेग ६० चा, अर्थ मात्र निम्माच.

गणितातही तेच. ५९ मोजता येणारं मूल 'एकोणसाठ' म्हणतं, वर्गात 'उनसठ' हवं असतं. उत्तर चुकीचं धरलं तर गणित कच्चं ठरतं. प्रत्यक्षात कच्चं असतं ते फक्त संख्येचं हिंदी नाव. म्हणून उद्दिष्टं दोन लिहावी लागतात : मूल ५९ काड्या दहा-दहाचे गठ्ठे करून मोजेल, हे गणिताचं, त्या संख्येला हिंदीत नाव देईल, हे भाषेचं. पूर्वज्ञानाच्या रकान्यात 'घरची भाषा मराठी' एवढी नोंद असली तरी शिक्षकाचं निम्मं काम सोपं होतं.

कायद्याचं कलम २४ शिक्षकाला दोन गोष्टी सांगतं : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तिथे जादा शिकवायचं, आणि पालकांशी नियमित बैठक घेऊन प्रगती सांगायची. त्या बैठकीत फक्त गुण विचारू नका. या महिन्याचं उद्दिष्ट काय, मुलाला त्यातलं काय करून दाखवता आलं आणि अडलं ते विषयात की हिंदीत, एवढं विचारा. बाईंना घरची भाषाही तेव्हाच सांगून टाका.