होडी वाहतूक, उजनी जलाशयातील

करमाळा (जि. सोलापूर) आणि इंदापूर (जि. पुणे) या तालुक्यांतल्या काठावरच्या गावांदरम्यान उजनी धरणाच्या पाण्यावरून चालणारी प्रवासी वाहतूक. बोलीत होडी, बोट, लाँच असे तिन्ही शब्द चालतात. कुगाव–कळाशी हा तिचा सर्वांत परिचित मार्ग. माणसांबरोबर मोटारसायकलीही होडीत चढतात, कारण पलीकडे उतरल्यावर पुढचा प्रवास बाकी असतोच. सोलापूर जिल्ह्यात पाण्यावरचा प्रवास म्हटले की बाहेरच्याला पर्यटन आठवते. काठावरच्या माणसाला दवाखाना, बाजार आणि सोयरीक आठवते.

पार्श्वभूमी. भीमेवर माढा तालुक्यात बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. फुगवटा दौंडच्या दिशेने पन्नासेक किलोमीटर मागे जातो. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर असलेली गावे त्यामुळे एकाएकी दूर गेली. जुने रस्ते, शेते, देवळे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. पुणे–सोलापूर महामार्ग इंदापूरच्या बाजूने जातो. म्हणून करमाळ्याच्या काठावरच्या माणसाला पुण्याकडे जायचे तर आधी पाणी ओलांडणे सोयीचे पडते. रस्त्यानेच जायचे ठरवले तर खाली भीमानगर किंवा वर डिकसळ, असा मोठा वळसा आहे.

डिकसळचा पूल. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’चा पुणे–डिकसळ टप्पा १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला, तिथून लोहमार्ग भीमा ओलांडून पुढे सोलापूरकडे सरकला. धरणामुळे रेल्वेमार्ग हलवला गेल्यावर जुना ब्रिटिशकालीन पूल रस्त्यासाठी वापरात आला आणि भिगवण–करमाळा वाहतुकीचा आधार बनला. त्याची पडझड अलीकडे बातम्यांचा विषय झाली आहे. रेल्वेची तारीख अशी दिवसासकट नोंदलेली आहे. होडीच्या वाट्याला ना उद्घाटन आले, ना कोनशिला, ना वेळापत्रक. प्रवासी जमले की ती सुटते.

पाणीपातळी आणि धक्का. या वाहतुकीचा खरा प्रश्न धक्क्याचा आहे. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, तर मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे धरण शंभर टक्क्यांवरून शून्यावर येईपर्यंत पाणी जवळजवळ सहा मीटर खाली उतरते. पण उजनी शून्यावरही थांबत नाही. उपयुक्त साठा सुमारे ५३.५७ टीएमसी, मृतसाठा मात्र सुमारे ६३.६५ टीएमसी, म्हणजे त्याहून मोठा. त्यामुळे ‘उणे वीस’, ‘उणे चाळीस’ टक्के हे आकडे सोलापूरकरांच्या अंगवळणी पडले आहेत. २०२४च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता.

धरण कागदावर रिकामे होते तेव्हाही होडीला पाणी असते, ते या मृतसाठ्याचे. काठ मात्र मागे सरकतो. उताराच्या जमिनीवर पाणी काही मीटर उतरले की किनारा बराच लांब जातो. मग गाळ तुडवत जायचे, मोटारसायकल ढकलत न्यायची आणि फळीवरून चढवायची. होडी लागण्याची जागा पाण्याबरोबर हलत राहते. पक्का बांधलेला धक्का इथे वर्षातले काही महिनेच कामाला येईल.

ज्या शहरांत पाण्यावरची बस खरोखर चालते, तिथे या प्रश्नाचे उत्तर सापडलेले आहे. व्हेनिसमध्ये १८८१पासून ‘व्हापोरेत्तो’ ही सार्वजनिक बोट कालव्यांतून फिरते आणि तिचे थांबे तरंगत्या धक्क्यांवर असतात. २५ एप्रिल २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या कोची वॉटर मेट्रोनेही तरंगता धक्का वापरला. पाणी चढो वा उतरो, धक्का आणि बोटीचा काठ एका पातळीत राहतो. चाकाची खुर्चीही आत जाते. उजनीवर पन्नास किलोमीटरच्या पाण्यात अशा चार-सहा धक्क्यांची चर्चा पुलाच्या चर्चेच्या मानाने नगण्य झाली. होडी ही तात्पुरती सोय आहे, पूल होईपर्यंतची, असे सगळ्यांनी गृहीत धरले आणि त्यात चार दशके गेली.

अपघात. होडीची दखल कागदोपत्री घेतली जाते ती प्रामुख्याने ती बुडाल्यावर. ३० एप्रिल २०१७ रोजी अजोतीजवळ सहलीला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटून चौघांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. बोटीत सात जण होते. एक पोहत काठावर आला. लहान मुलांसह सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला शोधासाठी बोलवावे लागले. पहिली सहल होती, दुसरा नेहमीचा प्रवास. दोन्ही घटना उन्हाळ्यातल्या. या दिवसांत दुपारनंतर वळवाचे वारे अचानक सुटतात आणि उघड्या जलाशयावर त्यांना आडोसा नसतो.

अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ हा १९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने यांची तरतूद त्यात आहे. कळाशीच्या दुर्घटनेनंतर जीवरक्षक जॅकेटचा अभाव हाच चर्चेचा मुख्य मुद्दा ठरला. जबाबदारी कोणत्या खात्याची, यावर मतभेद आहेत.

पंढरपूर. जलाशयाबाहेर, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवणाऱ्या भीमेत कोळी समाजाच्या होड्या भाविकांना विष्णुपद, गोपाळपूरकडे नेतात. पूर आला की बंद.

सोलापूर शहर. शहरात जलवाहतूक नाही. तलावांवरचा नौकाविहार प्रवासात मोजत नाहीत. तरी उजनीशी शहराचा संबंध रोजचा आहे. विजापूर रस्त्यालगतच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेव्हा उजनी आठवते. धरणातून नदीत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यापर्यंत येते, टाकळीहून उचलले जाते आणि सोरेगावच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात पोहोचते. त्या आवर्तनासाठी दरवाजे उघडले की तिकडे कुगावच्या काठावर होडी आणखी थोडी खाली लागते.

सद्यःस्थिती. कुगाव–शिरसोडी पुलाला राज्य शासनाने मंजुरी दिली आहे. तो वाहता होईपर्यंत पाण्यावरून जाणाऱ्याने जॅकेट मागून घ्यावे, मिळाले नाही तर होडीत बसू नये आणि मे महिन्यात शक्यतो सकाळीच पलीकडे जावे.