‘काळी १’ की ‘सी शार्प’? सॉफ्टवेअरमध्ये कॉर्डचं नाव असं लिहा

दिवाळीनंतर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या रंगभूमीचं मुख्य केंद्र. इथे नट मंचावर प्रत्यक्ष गातात, साथीला ऑर्गन आणि तबला असतो. पेटी-ऑर्गनवाल्यांच्या भाषेत गायकाची पट्टी ‘काळी १’ किंवा ‘पांढरी ४’ असते. म्युझस्कोरसारख्या नोटेशन सॉफ्टवेअरला मात्र ही नावं कळत नाहीत.

मग काय लिहायचं?
पांढरी १ ते ७ म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी १ ते ५ म्हणजे सी, डी, एफ, जी, ए यांचे शार्प.

गायक बदलला तर?
‘सा’ कुठल्याही पट्टीवर धरता येतो, ‘सी’ जागचा हलत नाही. त्यामुळे पट्टी बदलली की सरगम तीच राहते, पण प्रत्येक कॉर्डचं नाव बदलतं. म्युझस्कोरमध्ये ‘ट्रान्सपोज’ करताना कॉर्डची नावंही बदलण्याचा पर्याय निवडलेला हवा. नाहीतर सूर नव्या पट्टीत आणि कॉर्ड जुन्या पट्टीत, अशी गत होते.

एका काळीला दोन नावं का?
काळी ५ म्हणजे ए शार्प, तीच बी फ्लॅटही. पांढरी ४ ला ‘सा’ धरला तर ‘म’ काळी ५ वर येतो. पण ‘ग’ला ए हे अक्षर आधीच गेलेलं असतं. म्हणून ‘म’वरच्या कॉर्डचं नाव बी फ्लॅट. सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅटसाठी लहान बी, शार्पसाठी हॅशचं चिन्ह टाइप करतात.

सर्वात मोठी गफलत कुठे होते?
सीपुढे लहान एम म्हणजे सी मायनर, त्यात कोमल ‘ग’. मोठा एम म्हणजे मेजर, त्यात शुद्ध ‘ग’. सीपुढे नुसता ७ लिहिला तर कोमल ‘नी’ लागतो; शुद्ध ‘नी’ हवा असेल तर ‘मेज ७’ लिहावं लागतं. हाताने लिहिलेल्या कागदावर दोन्ही एम सारखेच दिसतात. म्हणून मेजरसाठी ‘मेज’ हीच अक्षरं लिहिणं सुरक्षित.

नावं सगळीकडे सारखीच?
नाही. जर्मन पद्धतीत बी म्हणजे आपला बी फ्लॅट आणि बीला एच म्हणतात. म्युझस्कोरच्या ‘स्टाइल’मध्ये हा पर्याय आहे. तो ‘स्टँडर्ड’वर आहे ना, हे तालमीआधी तपासा.