रानातली केबिन : एका आयरिश झोपडीची कुळकथा

मराठी माणसाच्या कानावर 'केबिन' हा शब्द प्रथम पडतो तो साहेबाची केबिन म्हणून, नाहीतर एस.टी.च्या ड्रायव्हरची केबिन म्हणून. आयर्लंडला आल्यावर मात्र त्याच शब्दाला झाडी, तळे आणि सुट्टी चिकटते. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची सुट्टी जवळ आली की मंडळाच्या कार्यक्रमांत चहाच्या टेबलाशी चौकशा सुरू होतात. विक्लोत कुठे जागा मिळेल? लीट्रिमला पोहोचायला किती वेळ लागतो? लाकडी घर, दोन खोल्या, चुलाणात जळणारी लाकडे, आणि मोबाइलला रेंज नाही! गावी गेल्यावर रेंज नाही म्हणून कुरकुरणारे आपण येथे त्याच गोष्टीसाठी चांगले पैसे मोजतो.

या दोन दिवसांच्या चैनीला माझी ना नाही. आमचे कुटुंबही तिचा मनसोक्त लाभ घेते. पण ज्या देशात आपण ती करतो, तेथे 'रान' आणि 'केबिन' या दोन्ही शब्दांना मोठा इतिहास आहे, आणि तो केबिनच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो थोडक्यात सांगावा म्हणून हा लेख.

सुरुवात गावांच्या नावांपासून करू. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव, तशीच ही इकडची नावे. 'डेरी' म्हणजे ओकची राई. 'किल्डेअर' म्हणजे ओकजवळचे चर्च. कॉर्कच्या किनाऱ्यावरचे 'यॉल' म्हणजे यू वृक्षांचे वन. आठव्या शतकातल्या जुन्या आयरिश कायद्यात झाडांची चक्क वर्णव्यवस्था होती. अठ्ठावीस झाडझुडुपांचे चार वर्ग पाडलेले, आणि ओक, हेझेल, हॉली, यू, ॲश, पाइन व सफरचंद ही सात 'रानातली सरदार मंडळी'. दुसऱ्याचे झाड तोडणाऱ्याला त्याच्या वर्गाप्रमाणे दंड होई, आणि तो गाईगुरांच्या हिशेबात मोजला जाई.

या रानात स्वखुशीने झोपडी बांधून राहणारे पहिले लोक म्हणजे ख्रिस्ती साधू. आपल्यापैकी बहुतेकांनी डब्लिनला आलेल्या पाहुण्यांना विक्लोतले ग्लेंडलॉख दाखवलेले असते. तेथल्या वरच्या तळ्याकाठी संत केव्हिन राहिला. त्याचा मृत्यू इ. स. ६१८च्या सुमारास झाला असे मानतात. प्रार्थनेसाठी पसरलेल्या त्याच्या हातावर ब्लॅकबर्ड पक्ष्याने अंडी घातली आणि पिले बाहेर येईपर्यंत त्याने हात हलवला नाही, ही आख्यायिका बाराव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. भंडारा डोंगरावर एकांतात बसणारे तुकाराम महाराज किंवा शिवथरच्या घळीतले समर्थ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना केव्हिन परका वाटू नये. नवव्या शतकातल्या एका लॅटिन व्याकरणाच्या पोथीत, समासामध्ये, कोणा आयरिश लेखनिकाने झाडाखाली बसून लिहिण्याच्या सुखावर आठ ओळींची कविता लिहून ठेवली आहे. ती पोथी आज स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालला आहे. व्याकरणाची नक्कल करता करता पाखरांकडे कान देणारा हा गृहस्थ मला आपल्या सर्वांचा पूर्वज वाटतो!

मग हे रान गेले कुठे? गुराढोरांसाठी आणि शेतीसाठी ते हजारो वर्षे कमी होत आले होते. पण सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रजांनी देश जिंकला, जमिनी नव्या मालकांच्या हाती गेल्या, आणि या मालकांना झाड म्हणजे रोख रक्कम दिसली. ओकच्या फळ्यांची दारूची पिंपे झाली, सालीने कातडी कमावली, उरलेल्याचा कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांत गेला. शिवाय रान हे बंडखोरांचे आश्रयस्थान होते, त्यामुळे ते गेल्याचे सरकारलाही दुःख नव्हते. यात आपल्या इतिहासाशी जुळणारा एक धागा आहे. १६१०नंतरच्या काही वर्षांत कॉर्क काउंटीत बँडन नदीकाठी डंडॅनियल येथे ईस्ट इंडिया कंपनीने जहाजबांधणीचा तळ आणि लोखंडाची भट्टी काढली होती. साधारण त्याच वर्षांत, १६१३ साली, कंपनीला सुरतेला वखारीची परवानगी मिळाली. म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे निघालेल्या कंपनीने आयर्लंडचे ओकही वापरून पाहिले होते. पुढे विसावे शतक उजाडले तेव्हा आयर्लंडच्या जमिनीपैकी जेमतेम एक टक्का रानाखाली उरली होती.

रान गेले, आणि झोपडी उरली. पण ही झोपडी केव्हिनची नव्हती. आयरिश भाषेत तिला 'बोहान' म्हणतात, इंग्रज प्रवासी 'केबिन' म्हणत. आर्थर यंग १७७६ साली आयर्लंडभर फिरला. मातीच्या भिंती, वर गवत किंवा गवताळ मातीचे ढेकळे, बहुधा धुराडे नाही, आत माणसे आणि डुक्कर एकत्र, असे वर्णन त्याच्या १७८०च्या पुस्तकात आहे. १८४१च्या जनगणनेत सरकारने घरांचे चार वर्ग केले. चौथा, शेवटचा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची केबिन. अशा केबिनी होत्या सुमारे ४ लाख ९१ हजार. देशातल्या दर तीन घरांमागे एकाहून अधिक!

या घरांत दारिद्र्यच होते असे मात्र समजू नये. 'बोहान'पासून आयरिशमध्ये एक सुंदर शब्द झाला आहे, 'बोहान्टीअख्त'. अर्थ असा की संध्याकाळी कामधाम आटोपून शेजाऱ्याच्या झोपडीत जायचे आणि शेकोटीशी गोष्टी, गाणी, उखाळ्यापाखाळ्या करत बसायचे. आपल्या पारावरच्या गप्पांना चार भिंती घाला, की झाले. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश सरकारने प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणायला सांगितले. सुमारे पन्नास हजार मुलांनी ते काम केले. त्या वह्यांतला बराच ऐवज असल्या शेकोट्यांजवळ सांभाळलेला आहे. निवांतपणा आपण शहरातून रानात घेऊन जात नाही. तो येथल्या गरिबांच्या घरी पहिल्यापासून होता.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि या केबिनींचा आधारच गेला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. १८४७च्या कायद्याने पाव एकराहून अधिक जमीन असणाऱ्याला सरकारी मदत बंद केली. जमीन सोडा, मग अन्न मागा! शिवाय लहान कुळांवरचा गरीब-कर जमीनदाराच्या माथी बसे, म्हणून कुळे काढून छपरे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. पाडलेल्या घराच्या अवशेषांत काड्या-गवत लावून लोक राहत, त्याला 'स्कॅल्पीन' म्हणत. जमिनीत खड्डा करून वर छप्पर टाकले तर तो 'स्कॅल्प'. १८४९ साली लंडनच्या सचित्र साप्ताहिकात यांची चित्रे छापून आली.

१८५१च्या जनगणनेत चौथ्या वर्गाची घरे उरली सुमारे १ लाख ३५ हजार. दहा वर्षांत साडेतीन लाख झोपड्या नाहीशा झाल्या. आकडा नुसता पाहिला तर गृहनिर्माण खात्याने पाठ थोपटून घ्यावी असा आहे. पण या झोपड्यांच्या जागी घरे आली नव्हती. माणसेच गेली होती.

एकाच ठिकाणी हा सगळा इतिहास पाहायचा असेल तर कॉनेमारातल्या बॅलिनाहिंचला जावे. तेथे मार्टिन घराण्याची प्रचंड जमीनदारी होती. दुष्काळात, १८४७ साली, थॉमस मार्टिन हा जमीनदार क्लिफ्डनच्या गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) आपल्या कुळांना भेटायला गेला, तेथला ताप त्याला लागला आणि तो मेला. कर्जात बुडालेली जमीन त्याच्या मुलीच्या हातून गेली. तीही १८५० साली न्यूयॉर्कला वारली. पुढे मालक बदलत गेले, आणि १९२४ साली ती वास्तू विकत घेतली ती नवानगरच्या जामसाहेबांनी. म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या रणजितसिंहांनी! १९१५ साली शिकारीतल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता, आणि बंदुकीइतकाच त्यांना माशांच्या गळाचा नाद होता. आयरिश यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. जमीनदारांचे वाडे जळत होते त्या देशात हा हिंदी राजा येऊन राहिला. त्यांनी बाग आणि झाडी लावून घेतली, आणि सामनच्या शिकारीसाठी नदीकाठी दगडी धक्के व लहान झोपड्या बांधवल्या. १९३३ साली जामनगरला निधन होईपर्यंत ते उन्हाळ्यात येत राहिले. गावाला त्यांच्यामुळे काम मिळाले, आणि त्यांचे नाव तेथे अजून मायेने घेतात. रानातली केबिन हौसेखातर वापरणारा आयर्लंडमधला पहिला नामांकित हिंदी पाहुणा म्हणून आपण त्यांच्याकडे बोट दाखवायला हरकत नाही. मात्र ज्या नदीकाठी त्यांच्या हौसेच्या झोपड्या उठल्या, त्याच मुलखात पंचाहत्तर वर्षांपूर्वी गरजेच्या झोपड्या रिकाम्या झाल्या होत्या.

आता आपण ज्या झाडांखाली केबिन घेतो ती झाडे कधी आली? १९०४ साली सरकारने विक्लोतली ॲव्हनडेलची इस्टेट घेऊन तेथे वनविद्येची शाळा काढली. ॲव्हनडेल हे चार्ल्स स्टुअर्ट पार्नेलचे जन्मस्थान. ज्या 'होमरूल'साठी पार्नेल लढला, तोच शब्द लोकमान्य टिळकांनी १९१६ साली बेळगावला आपल्या संघाच्या नावात घेतला. चीनमध्ये वनस्पती गोळा करून आलेले ऑगस्टीन हेन्री १९१३ साली डब्लिनला वनशास्त्राचे प्राध्यापक झाले. ओल्या, वाऱ्याच्या हवेत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची झाडे येथे चांगली वाढतील, हे त्यांच्यासारख्यांनी ओळखले. त्यांतला सिटका स्प्रूस पुढे सर्वांना मागे टाकून गेला. ३५-४० वर्षांत तो तोडायला तयार होतो. 'क्वील्चा', म्हणजे 'वने', ही सरकारी कंपनी १९८९ साली सुरू झाली. आज देशाची ११ टक्क्यांहून अधिक जमीन वनाखाली आहे. २०१९ साली लाँगफर्डला अशाच एका वनात चारशेहून जास्त केबिनींचे सुट्टीगाव उघडले.

एका टक्क्यावरून अकरा टक्के, हे शंभर वर्षांतले काम कौतुकाचे खरेच. पण लागवड झाली ती कसदार जमिनीवर नव्हे. ती झाली डोंगरउतारावर, दलदलीत, चिकणमातीत. म्हणजे नेमकी जेथे पूर्वी गरिबांच्या केबिनी होत्या तेथे. लीट्रिमचेच पाहा. १८४१ साली या काउंटीची वस्ती सुमारे १ लाख ५५ हजार होती, २०२२ साली ती ३५ हजारांच्या आसपास आहे. स्प्रूस मात्र भरपूर. तेथले शेतकरी गेली काही वर्षे तक्रार करत आहेत की ही काळोखी झाडे त्यांच्या घरांना वेढत चालली, शेजारी कमी झाले, शाळेत मुले उरली नाहीत. आपल्याला जी शांतता वाटते, ती त्यांच्या दृष्टीने ओस पडणे आहे. सुट्टीला गेलेल्या आपण त्यांचे म्हणणे निदान ऐकून घ्यावे.

हे स्वतः पडताळायचा एक सोपा मार्ग आहे. आयर्लंडचा सहा इंची नकाशा, म्हणजे मैलाला सहा इंच या मापाचा, १८३३ ते १८४६ या वर्षांत प्रसिद्ध झाला. बराचसा दुष्काळाच्या आधीचा. या मोजणीत वापरलेल्या लोखंडी-पितळी दांड्या पाहायला जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ साली येथे आला होता, आणि तसल्याच दांड्या नेऊन त्याने हिंदुस्थानची मोजणी पुढे चालवली. हा जुना नकाशा आज संगणकावर फुकट पाहता येतो. आपल्या केबिनची जागा त्यावर काढावी. नकाशावर नकाशा ठेवणे हा माझ्या व्यवसायातला नेहमीचा उद्योग, पण पहिल्यांदा हे केले तेव्हा मीही थबकलो. आजच्या नकाशात नुसते हिरवे असलेल्या जागी जुन्यावर बारीक काळे ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक घर. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन स्प्रूसच्या रांगांत शिरलो, तर शेवाळलेली भिंत सापडली, तिच्यात चुलीचा दगड, आणि बाहेर बटाट्याच्या वाफ्यांचे उंचवटे अजून हाताला लागत होते.

१८४१ साली या बेटावर ८१ लाखांहून अधिक माणसे होती. आज, उत्तर आयर्लंड धरूनही, तो आकडा पुन्हा गाठलेला नाही. २०२२च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची वस्ती १८५१नंतर प्रथमच ५० लाखांच्या वर गेली, आणि तिच्यात ४५ हजारांवर भारतीय नागरिक होते. ज्या देशातून माणसे गेली, तेथे आता आपण आलो आहोत. तेव्हा या सुट्टीला केबिनमध्ये जरूर जावे, पत्ते खेळावेत, पिठले-भाकरी करावी, रेंज नसल्याचा आनंद घ्यावा. फक्त एक संध्याकाळ गावातल्या एखाद्या वृद्ध माणसाशी गप्पा मारायला राखून ठेवावी. बोहान्टीअख्त चालू ठेवायला तेवढेच लागते.